पुरीला कधी जावं? कोल्हापूरहून पहिल्यांदाच जगन्नाथाला निघणाऱ्यांसाठी

आईचं द्वारका, रामेश्वर, बद्री झालं होतं, पुरी तेवढं राहिलं होतं. गल्लीतली बारा-चौदा माणसं जमली, एका ट्रॅव्हल्सवाल्यानं जूनमधली तारीख काढून दिली आणि शाळा सुरू व्हायच्या आत परत येऊ म्हणून आम्हीही ती धरली. वटपौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. पुरीत उतरलो, अंघोळी उरकल्या, सिंहद्वारातून आत गेलो, तर जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा यांच्या जागी कापडावर रंगवलेली चित्रं. पंडा म्हणाला, "ठाकूर आजारी आहेत, पंधरा दिवस दर्शन नाही." आई काही बोलली नाही. चित्राला हात जोडून बाजूला बसून राहिली.

तिला मूर्तीचं दर्शन घडायला पुढं तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत मी तिथलं पंचांग, तिथला समुद्र आणि आपल्याकडचं वर्ष यांची सांगड घालायला शिकलो. पहिल्यांदा जाणाऱ्यानं कोणत्या क्रमानं विचार करावा, ते इथं सांगतो.

पहिली पायरी: रथ बघायचा की रत्नसिंहासन?

पुरी म्हणजे रथयात्रा, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण रथयात्रेच्या दिवसांत देव मुळात मंदिरात नसतो. आधी हे नीट समजून घ्या, बाकीचं सगळं यावर अवलंबून आहे.

ज्येष्ठ पौर्णिमा म्हणजे आपली वटपौर्णिमा. तिकडे ती स्नानपौर्णिमा. त्या दिवशी देवांना बाहेर स्नानमंडपावर आणून १०८ घागरींनी अंघोळ घालतात. मंडप उंचावर आहे, त्यामुळं बाहेरच्या मोठ्या रस्त्यावरूनही तो सोहळा दिसतो. एवढ्या पाण्यानं देवाला ताप भरतो, अशी श्रद्धा आहे. मग पंधरवडाभर देव एकांतात राहतात, त्यांना औषधं देतात आणि दर्शन बंद असतं. या काळाला अणसर म्हणतात. आम्ही गेलो ते याच दिवसांत. ताप उतरला की नवयौवन दर्शन, आणि लगोलग आषाढ शुद्ध द्वितीयेला रथयात्रा. तिन्ही रथ साधारण ३ किलोमीटरवरच्या गुंडिचा मंदिरात जातात. देव तिथं मुक्काम करतात, दशमीला उलटे निघतात, एकादशीला सिंहद्वारासमोर रथावरच सोन्याचे दागिने घालून बसतात आणि त्यानंतर पुन्हा गाभाऱ्यातल्या रत्नसिंहासनावर जातात.

वटपौर्णिमेपासून धरलं तर जवळजवळ चार आठवडे गाभाऱ्यातलं नेहमीचं दर्शन होत नाही. नवकलेवराच्या वर्षी, म्हणजे मूर्ती नव्यानं घडवतात त्या वर्षी, हा काळ आणखी लांबतो. अधिक आषाढ आला की नवकलेवर होतं. ते १९९६ला झालं आणि त्यानंतर २०१५ला.

ज्यांना रथच बघायचा आहे त्यांना मी अडवणार नाही. पण सत्तरीच्या पुढची माणसं बरोबर असतील तर नको. आपल्या महाद्वार रोडच्या मानानं तिथला बडदांड, म्हणजे मंदिरासमोरचा मोठा रस्ता, केवढा तरी रुंद आहे, तरीही लाखो माणसं आणि दमट हवा यांत म्हातारं माणूस गुदमरतं. धडधाकट लोकांनी जावं, आणि जमलं तर रथ ओढायच्या दिवशी न जाता मधल्या मुक्कामात जावं. गुंडिचा मंदिरातल्या त्या दर्शनाला आडप दर्शन म्हणतात. ओडिशात त्याचं मोठं पुण्य मानतात.

घरात वारी असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट. देव रथावर सोन्यानं नटतो ती आषाढ शुद्ध एकादशी, म्हणजे पंढरपूरची आषाढी. दोन्हीकडे एकाच दिवशी पोचता येणार नाही. माझं मत विचाराल तर वारी मोडू नका. पुरीचा देव वर्षातले उरलेले महिने बसलेलाच आहे.

आणि चुकून अणसरातच पोचलात तर हताश होऊन परतू नका. पुरीपासून साधारण २५ किलोमीटरवर ब्रह्मगिरीला अलारनाथाचं मंदिर आहे. अणसरात जगन्नाथाचं दर्शन अलारनाथाच्या रूपानं घडतं, असं तिथले लोक मानतात. चैतन्य महाप्रभूही या काळात तिथंच जात. तिथली खीर प्रसिद्ध आहे. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. चहाच्या टपरीवर शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं आणि आईची ती यात्रा अगदी कोरडी गेली नाही.

दुसरी पायरी: भिंतीवरचं कॅलेंडर तिकडं चालत नाही

इथं भलेभले चुकतात. आपला महिना अमावास्येला संपतो, ओडिशातला पौर्णिमेला. शुद्ध पक्षातल्या तिथी दोन्हीकडे एकाच महिन्याच्या नावानं असतात. वद्य पक्षात मात्र तिकडचा महिना आपल्यापेक्षा एकानं पुढं असतो. आपला ज्येष्ठ वद्य तो त्यांचा आषाढ कृष्ण. म्हणून कुणी ओडिया माणसानं "आषाढात या" म्हटलं की शुद्ध की कृष्ण, हे विचारून घ्या.

याचा सगळ्यात मोठा फटका बसतो कार्तिकात. त्यांचा कार्तिक कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि कार्तिक पौर्णिमेला संपतो. म्हणजे आपली अख्खी दिवाळी त्यांच्या कार्तिकात येते. ओडिशात कार्तिकाएवढा पवित्र महिना दुसरा नाही. महिनाभर हविष्यान्न, म्हणजे व्रताचं साधं अन्न, खाऊन राहणाऱ्या बायका, विशेषतः विधवा आणि वयस्क बायका, पुरीत येऊन राहतात. शेवटच्या पाच दिवसांना पंचुक म्हणतात, आणि ते पाच दिवस सुरू होतात आपल्या कार्तिकी एकादशीला. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची रांग बघितली असेल, तर पंचुकातल्या पुरीची थोडीफार कल्पना येईल. भाविकतेचं ते रूप बघायला कधीतरी जावंच, पण ओळख नसताना पहिल्याच फेरीत नको.

तारखा पाठ करून उपयोग नाही. रथयात्रा २०२४ला ७ जुलैला होती, २०२५ला २७ जूनला. अधिक महिना आला की सगळं पुढं सरकतं. आधी तिथी ठरवा आणि मग त्या वर्षीची तारीख काढा.

एकादशीचं आणखी एक. पुरीत एकादशीलाही भाताचा महाप्रसाद खातात, जगन्नाथापुढं एकादशीचा नियम चालत नाही अशी तिथली परंपरा आहे. उपवास मोडायचा नसेल तर तुमच्या मुक्कामात एकादशी येणार नाही असे दिवस धरा. म्हणजे समोर महाप्रसाद आणि मनात घालमेल, असं होणार नाही. माझ्या आत्याचं तसं झालं होतं.

तिसरी पायरी: समुद्राला विचारा

आपला समुद्र म्हणजे गणपतीपुळे, मालवण. पश्चिमेचा, सूर्य बुडवणारा. पुरीचा समुद्र पूर्वेचा, आणि त्याचं वेळापत्रक वेगळं. बंगालच्या उपसागरात वादळांचे दोन हंगाम असतात. एक पावसाळ्याआधीचा, एप्रिल-मे आणि जूनचा सुरुवातीचा भाग. दुसरा पावसाळ्यानंतरचा, ऑक्टोबर ते डिसेंबरचा सुरुवातीचा भाग. १९९९च्या ऑक्टोबरमधलं महाचक्रीवादळ ओडिशा अजून विसरलेला नाही. २०१९ला ३ मे रोजी फणी वादळ थेट पुरीजवळ किनाऱ्याला धडकलं. त्याआधी राज्यात सुमारे १२ लाख माणसं सुरक्षित जागी हलवली होती, पर्यटकांना पुरी सोडायला सांगितलं होतं आणि रेल्वेगाड्या रद्द झाल्या होत्या. वादळ दर वर्षी पुरीवरच येतं असं नाही. पण आयुष्यात एकदाच जाणार असाल, तर अशा महिन्यात तिकीट काढताना दहा वेळा विचार करा.

मे महिन्यात आणखी एक अडचण. तापमानाचा आकडा कोल्हापूरच्या आसपासच दिसतो, पण आपल्याकडं संध्याकाळी वळीव येऊन हवा निवते, तिथं रात्रभर घाम वाहतो. मंदिराच्या आवारात अनवाणी चालायचं, आणि दुपारचा दगड पाय भाजून काढतो. अक्षय तृतीयेपासून ४२ दिवस चंदनयात्रा असते. त्यातले पहिले २१ दिवस मदनमोहनाची, म्हणजे जगन्नाथाच्या उत्सवमूर्तीची, स्वारी नरेंद्र तलावात नौकाविहाराला जाते. संध्याकाळची ती शोभा अप्रतिम असते. उन्हाळ्यात जावंच लागलं तर दिवसभर खोलीत थांबा आणि ऊन उतरल्यावर तिकडं जा.

समुद्रस्नान हा पुरीच्या यात्रेचा भाग आहे, समुद्राला तिथं महोदधी म्हणतात. लाटांना जोर असतो आणि पायाखालची वाळू ओढली जाते. पोहता येतं म्हणून फसू नका. शंकूसारखी पांढरी टोपी घातलेले नोळिया, म्हणजे तिथले कोळी, किनाऱ्यावर असतात. त्यांचा हात धरून दोन बुडक्या मारा. हिवाळ्यात समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो. पावसाळ्यात मात्र काठावर बसून तांब्यानं अंगावर पाणी घ्या, पुण्य तेवढंच आहे.

चौथी पायरी: आपल्याकडचं वर्ष

तीर्थाचा विचार झाला, आता घरचा. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा कधी पात्राबाहेर येईल सांगता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आपल्याकडं शाळकरी पोरांनाही माहीत असतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी येऊन रस्ता कित्येक दिवस बंद होता. नदीकाठी घर आणि गोठा असलेल्या माणसानं या दोन महिन्यांत देशाच्या दुसऱ्या टोकाला असू नये. शरीर तिथं आणि जीव गोठ्यात, अशानं दर्शन होत नाही.

ऊसवाल्यांची अडचण वेगळी. कारखान्याची तोड कधी येईल ते शेवटपर्यंत पक्कं नसतं, आणि टोळी दारात असताना मालक गावाला गेलेला चालत नाही. सरळ कारखान्याच्या शेती ऑफिसमध्ये जाऊन आपल्या लागणीचा नंबर साधारण कधी ते विचारून घ्या आणि त्याच्या आधी किंवा नंतर पंधरा दिवस सोडून तारीख धरा. दहावी-बारावीचं पोर घरात असेल तर फेब्रुवारी विसरा. चैत्र पौर्णिमेला ज्योतिबाची सासनकाठी निघणार असेल तर त्या महिन्याचंही वेगळं सांगायला नको.

पाचवी पायरी: उरतात ते दोन मोकळे काळ

इतकं सगळं वजा केल्यावर दोनच काळ राहतात.

पहिला, कार्तिक पौर्णिमा झाल्यापासून डिसेंबरच्या विशीपर्यंत. कार्तिकाची गर्दी ओसरलेली असते, थंडी गोड असते. वादळाची थोडी भीती सुरुवातीला असते, ती दिवसागणिक कमी होते. कोल्हापूरच्या बायकांना या काळात एक ओळखीची गोष्ट दिसेल. आपल्याकडं मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मीचा घट मांडतात, तसंच ओडिशात घरोघरी गुरुवारी लक्ष्मीपूजन होतं. त्याला माणबसा गुरुवार म्हणतात. उंबऱ्यापासून आतपर्यंत तांदळाच्या पिठानं लक्ष्मीची पावलं आणि धान्याची लोंबं काढलेली असतात. त्या रांगोळीला झोटी म्हणतात. गुरुवारी सकाळी मंदिराबाहेरच्या जुन्या गल्ल्यांतून एक फेरी मारा.

विशीनंतर मात्र नको. नाताळ ते १ जानेवारी कोलकात्याची मंडळी पुरीत लोटतात, खोल्यांचे भाव चढतात, आणि नव्या वर्षाचं पहिलं दर्शन घ्यायला रांग वळसे घेत जाते.

दुसरा काळ संक्रांतीनंतर महाशिवरात्रीपर्यंतचा, आणि पहिल्या फेरीसाठी माझा कौल यालाच. वादळाचा हंगाम संपलेला असतो, दुपारीसुद्धा आवारात चालता येतं, समुद्र शांत असतो. चंपाषष्ठीला देवांना थंडीची जाड वस्त्रं चढवतात ती वसंतपंचमीपर्यंत असतात, म्हणून माघाच्या सुरुवातीला गेलात तर पांघरूण घेतलेला जगन्नाथ बघायला मिळतो. आईनं तोच बघितला. घरी आल्यावर "देवालाबी थंडी वाजती" एवढंच कितीदा तरी म्हणाली.

माघात एक दिवस सांभाळा. रथसप्तमीला कोणार्कजवळ चंद्रभागेच्या किनाऱ्यावर पहाटे स्नानाला मोठी यात्रा भरते. ती बघायची असेल तर मध्यरात्रीच पुरीहून निघायची तयारी ठेवा, अंतर ३५ किलोमीटर आहे. गर्दी नको असेल तर कोणार्कला एखादा दिवस आधी किंवा दोन दिवस नंतर जा. याच काळात चिलिका सरोवरात परदेशी पाखरं उतरलेली असतात, मुलं बरोबर असतील तर सातपाड्याहून होडीनं अर्धा दिवस काढावा.

शाळेत जाणारी मुलं असणाऱ्यांची कोंडी मला कळते. दिवाळीची सुट्टी म्हणजे तिकडचा कार्तिक आणि वादळ, मे म्हणजे ऊन आणि पुन्हा वादळ. मी तरी शाळेत रीतसर अर्ज देऊन डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सहा दिवस रजा घ्यावी म्हणेन.

आठवड्यातला वारही बघा. शनिवार-रविवार बंगालमधली गर्दी असते, २६ जानेवारी जोडून आली तर विचारूच नका. सोमवारी पोचून गुरुवारी निघावं. एक दिवस जास्तीचा हवाच, कारण बनकलागी म्हणून देवाच्या मुखशृंगाराचा विधी असतो आणि त्या वेळी काही तास दर्शन थांबवतात. मंदिर प्रशासन ते आधी जाहीर करतं. एकाच दिवसाचा मुक्काम ठेवून कपाळाला हात लावलेली माणसं मी बघितली आहेत.

सहावी पायरी: तिकीट

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं, पूर्वीसारखं १२० नाही. माघाची यात्रा असेल तर दिवाळीनंतर लगेच कामाला लागा. मुंबई-भुवनेश्वर कोणार्क एक्सप्रेस पुणे आणि सोलापूरवरून जाते. कोल्हापूरकरांना एस.टी.नं सोलापूर गाठून तिथून बसणं सोयीचं पडतं. म्हाताऱ्या माणसांना पुण्याच्या गर्दीत चढवण्यापेक्षा मला तेच बरं वाटतं. भुवनेश्वरपर्यंत न जाता खुर्दा रोडला उतरलं तरी पुरी जवळ पडते. विमानानं जाणाऱ्यांनी भुवनेश्वरला उतरावं, पुढं रस्त्यानं साधारण ६० किलोमीटर.

मुक्कामाचं: समुद्राकडच्या खोल्या दिसायला छान, पण पहाटेच्या दर्शनाला जायचं असेल तर बडदांडाजवळ राहा. मंदिर प्रशासनाची भक्तनिवासं आहेत, आधी चौकशी करा.

सातवी पायरी: पोचल्यावर

घड्याळ तेच, पण सूर्य कोल्हापूरच्या आधी पाऊण तास उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. डिसेंबरात सव्वापाचच्या सुमारास अंधारायला लागतं. आपल्या सवयीनं "चार वाजता निघू" म्हणालात तर कोणार्क अंधारात बघावं लागेल.

मोबाइल आणि चामड्याच्या वस्तू आत चालत नाहीत. पट्टा, पाकीट खोलीवरच ठेवा, चपला बाहेर जोडे ठेवण्याच्या जागी द्या. २०२४च्या सुरुवातीपासून कपड्यांचाही नियम आहे, हाफ पँट, फाटकी जीन्स, बिनबाह्यांचे कपडे घालून सोडत नाहीत. धोतर, पायजमा, साडी, पंजाबी ड्रेस उत्तम. पंडा घेतलात तर दक्षिणा बाहेरच ठरवा.

सिंहद्वारासमोरचा उंच काळा खांब म्हणजे अरुणस्तंभ. मूळचा तो कोणार्कचा, अठराव्या शतकात मराठ्यांच्या काळात इथं आणून उभा केला. आत गेल्यावर मोठ्या देवळाबरोबर विमलादेवीचं देऊळ चुकवू नका. जगन्नाथाला दाखवलेला नैवेद्य विमलेला दाखवल्यावरच त्याचा महाप्रसाद होतो. अंबाबाईच्या गावातून आलेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं. महाप्रसाद आवारातच आनंदबाजारात मिळतो, मातीच्या मडक्यांत, लाकडाच्या चुलीवर रांधलेला. कांदा, लसूण, बटाटा, टोमॅटो काही नसतं. तिखटाची सवय असलेल्या आपल्या जिभेला पहिला घास सपक लागेल, डाळ आणि भात कालवून दुसरा घास घ्या. दुपारनंतर ताजा मिळतो, म्हणून सकाळी हॉटेलात पोटभर खाऊन जाऊ नका.

पहिल्या दिवशी प्रवासानं दमला असाल तर दर्शनाची घाई करू नका. संध्याकाळी ऊन कललं की आईवडिलांना घेऊन सिंहद्वाराच्या चौकात फक्त उभे राहा आणि वर बघा. रोज त्या वेळी एक सेवेकरी कसलाही आधार न घेता शिखरावर चढतो आणि नीलचक्रावरचा ध्वज बदलतो. हिवाळ्यात हे लवकर होतं, साडेचारलाच जाऊन जागा धरा.